फरशीवरची वाट

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण पोट आड येतं, म्हणून उभ्यानेच घे.

बातमी अशी की तुझ्या भावाने मशीन घेतलं. फरशी घासायचं, गोल फिरणारं, तुमच्या हॉस्पिटलात असतं तसलं. एक सिनेमा थिएटर बंद पडलं, त्यांच्याकडून जुनं मिळालं. बादली-फडकं घेऊन गुडघ्यांवर रांगायचे दिवस संपले, असं मी घरात जाहीर करून टाकलं आणि तेच नडलं. पहिल्याच दिवशी कापडवाल्याच्या दुकानात बटण दाबलं आणि मशीन मला घेऊन निघालं. मी त्याला धरलं नव्हतं, त्यानेच मला धरलं होतं. गरगर फिरून आम्ही दोघं ताग्यांच्या ढिगाऱ्यात शिरलो. कापडवाला म्हणाला, "अहो, फरशी खाली आहे!"

मशीनबरोबर एक पोतं आलंय. त्यात ब्रश आहेत, आणि गोल पॅड, काळे, हिरवे, लाल, पांढरे. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे, "कुठलाही लावा, सगळे फिरतात." मी काळा लावला. म्हटलं, मळ दिसणार नाही. ताई, कापडवाल्याच्या दारातली फरशी आता पांढुरकी पडलीय. तो एकदा तिच्याकडे बघतो आणि एकदा माझ्याकडे. तू एवढ्या मोठ्या हॉस्पिटलची सफाई सांभाळतेस, तर कुठे काय लावायचं ते नीट लिहून पाठव. तोंडी सांगितलेलं माझ्या डोक्यात राहत नाही, तुला ठाऊक आहे.

आई बरी आहे. आपल्या घरात आपल्या हातचा चहा करून पिते आणि मी गेलो की मलाही पाजते. पत्राखाली दोन ओळी लिही म्हटलं, तर म्हणाली, हात दुखतो. तुला आशीर्वाद सांगितलाय.

तुझा
बारक्या

१३ फेब्रुवारी

बारक्या,

काळा पॅड! अरे शहाण्या, मळ दिसत नाही म्हणून कोणी पॅड निवडतं का? शर्ट घेत होतास की काय?

आता मी लिहिते ते भिंतीला चिकटवून ठेव. रंग जितका गडद, तितका पॅड खरवडणारा. जुना थर मुळापासून उपटायचा असेल तेव्हाच काळा, एरवी त्याच्या वाटेला जायचं नाही. रोजच्या चिकट मळाला हिरवा बास. लालने हलकी चमक येते. पांढरा सगळ्यांत मऊ, पॉलिश चढवून झालं की शेवटी तो फिरवायचा. आणि पॅड चालतो सपाट फरशीवर. फटी असल्या, खडबडीत असलं, की तो वरच्यावर निघून जातो आणि मळ आत हसत बसतो. तिथे ब्रश हवा, त्याचे केस फटीत उतरतात. मशीनशी कुस्ती खेळू नकोस. दांडा जरा उचलला की ते एका बाजूला जातं, जरा दाबला की दुसऱ्या. बायकोसारखंच आहे, जोर करून काही होत नाही.

आमच्या कामातली खरी गोम सांगते. माणसं खोलीच्या मधून चालतात, कडेने कोणी चालत नाही. त्यामुळे मध्ये एक वाट पडते. ती वाट दिसली की काम कच्चं समजायचं. दारापासून कोपऱ्यापर्यंत फरशी एकसारखी लागली पाहिजे. माणूस कुठून चालतो ते फरशीने सांगता कामा नये. माझ्या हाताखालच्या बायका मला याच्यावरून शिव्या देतात, पण आमच्या व्हरांड्यात येऊन बघ.

हात दुखतो म्हणे! हात नाही दुखत तिचा, मी दुखवलंय तिला. मागच्या खेपेला आले, त्यालाही वर्षं झाली, तर दारातच माझं मनगट धरून म्हणाली, "वाळलीस गं." अरे, मी चांगली पोत्यासारखी सुटले होते! टोमणाच तो, दुसरं काय? मी हात सोडवून घेतला, फणकारले आणि लगेच परत निघाले. तेव्हापासून तुझ्या पत्राखाली तिच्या ओळी नाहीत. माझ्याकडे येऊन राहा म्हणून मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करतेय. तिचं पालुपद एकच: "पाय चालताहेत तोवर माझ्या घरात मी माझी." बरं बाई, राहा.

पण मला तिच्यासाठी काहीतरी करू दे. ती दगडी फरशी किती काळवंडलीय, टवके उडालेत. मी इथून चांगले पॅड आणि पॉलिशचा डबा पाठवते. मी मे महिन्यात येईन, तोवर आईला तिच्या फरशीत तिचं तोंड दिसलं पाहिजे. मला तिच्याशी गोड बोलायला जमत नाही रे. फरशी तरी चमकवून देते.

ताई

२ मार्च

ताई,

पार्सल पोचलं. त्याआधी मशीनही माणसात आलं. दांडा उचल, दांडा दाब, आता ते माझ्यामागून गाईसारखं येतं. कापडवाल्याचं दार हिरव्याने घासलं, पॉलिश दिलं, पांढरा फिरवला. परवा त्याने मला बसायला खुर्ची दिली. शेजारचा चष्मेवालाही म्हणतो, माझ्याकडे कधी येता.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. "वाळलीस"चा भाग गाळला, एवढा काही मी वेडा नाही. फरशीचं ऐकून तिने पाय फरशीवर टेकवले. मग म्हणाली, "आहे ती काय वाईट आहे?" मी म्हटलं, आई, ताईने एवढ्या हौसेने पाठवलंय. तेव्हा तिने पार्सल मांडीवर मागून घेतलं. पांढऱ्या पॅडवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "मऊ आहे गं बाई. पोरीने पाठवलंय ना? मग करा." हसलीसुद्धा.

आता माझी अडचण. फरशी सपाट नाही. दारात आत शिरताच एक मोठा टवका आहे. शेगडीपुढची फरशी मधोमध तडकलीय. न्हाणीच्या तोंडाशी वापरून वापरून खोलगट झालंय. पॅड अडकून फाटेल ना? की सगळीकडे ब्रशच लावू?

तुझा
बारक्या

११ मार्च

बारक्या,

"पोरीने पाठवलंय ना" असं म्हणाली? खरं सांग, की मला बरं वाटावं म्हणून तू पदरचं घातलंस? ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आमच्या ह्यांनी विचारलं, पगारवाढीचं पत्र आलंय का.

आता काम. आधी कडक केसांचा ब्रश लावून फटींतला जुना मळ काढ. मग टवके, तडा, खोलगट भाग सगळं भरून घे. दगडाची भुकटी मिसळून भरायचा लगदा करतात, लांबी म्हणतात त्याला, रंग जुळवून. नाहीतर पॅडच्या चिंध्या होतील. वाळलं की पॉलिशचे पातळ पातळ हात दे. जाड एक हात देऊन मोकळा होऊ नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. शेवटी पांढरा फिरव. भरलेल्या जागी नख फिरवून बघ, नखाला लागलं नाही म्हणजे जमलं. आई ओल्या फरशीवर घसरायला नको, तोवर तिला दुसरीकडे ठेव.

एक विचारते, सरळ उत्तर दे. तिचे डोळे बरे आहेत ना? हात दुखणारी बाई पार्सल मांडीवर घेऊन चाचपत कशाला बसेल? आमच्या वॉर्डात म्हाताऱ्या बायका अशाच वस्तू हाताळतात, म्हणून मनात आलं.

ताई

२४ मार्च

ताई,

डोळ्यांचं म्हणशील तर वयाप्रमाणे. तू उगाच काळजी करत बसू नकोस.

फरशी बघशील तर तोंडात बोट घालशील! आईला समोरच्या शिवणवालीकडे पाठवलं आणि आम्ही नवरा-बायको मागे लागलो. ब्रशने एवढा मळ निघाला की बायको म्हणाली, अर्धं घर वाहून जाईल. तडा भरला, टवका भरला, न्हाणीपुढचं खोलगट सपाट केलं. रंग असा जुळला, की कुठे काय होतं ते आता मलाच सापडत नाही. नख फिरवलं, लागत नाही. मधली काळपट वाट पार नाहीशी झाली. दारापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखं. बायको त्यात बघून केस सारखे करत होती. उद्या आईला घरी आणतो. तिने काय म्हटलं ते पुढच्या

२६ मार्च

ताई, वरचं पत्र टाकलंच नाही. त्यालाच जोडून लिहितो.

आईला शिवणवालीकडून आणलं. रस्ता ओलांडताना तिने माझा हात धरला होता. आपली पायरी लागल्यावर तो सोडला आणि नेहमीसारखी झपझप वर चढली. उंबरा ओलांडला, पाऊल टेकलं आणि थांबली. पाऊल उचललं, परत टेकलं. मग मला म्हणाली, "बारक्या, कुठे आणलंस रे मला?"

मी हसलो. म्हटलं, बघ, स्वतःचं घर ओळखू येत नाही ना! ती हसली नाही. अनवाणी पाऊल आधी डावीकडे सरकवलं, मग उजवीकडे, काहीतरी पडलेलं शोधावं तसं. मग तिने दोन्ही हात पुढे केले. आपल्या आईने असे हात पुढे केलेले मी जन्मात पाहिले नव्हते. तशीच चालत गेली आणि पलंगावर आदळली. मी म्हटलं, आई, समोर एवढा पलंग दिसत नाही का? ती म्हणाली, "नाही रे."

आता तुला सांगतो, मग हव्या तेवढ्या शिव्या घाल. तिला कमी दिसतं हे मला ठाऊक होतं. "थोडं धुरकट आहे, ताईला लिहू नकोस, ती येऊन मला उचलून नेईल," असं तिने बजावलं होतं. मी गप्प बसलो. मलाही ती इथेच हवी होती. पण तिला काहीच दिसत नाही, हे देवाशप्पथ मला माहीत नव्हतं. शिवणवालीला माहीत होतं, तिनेच डॉक्टरकडे नेलं होतं. उपाय नाही म्हणाला. आई माझ्यासमोर शेगडी पेटवायची, कप मोजून मांडायची, मला काय कळणार?

ती पायांनी बघत होती गं. टवका लागला की दार. तडा लागला की शेगडी. खोलगट लागलं की न्हाणी. मधली झिजलेली वाट पायाखाली असली की पलंग एका हाताला आणि कपाट दुसऱ्या. ते सगळं मी भरून टाकलं. एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

बारक्या

१ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र हॉस्पिटलच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच बसले. शिव्या तुला द्यायच्या होत्या. मी तुला सरळ विचारलं होतं आणि तू "वयाप्रमाणे" म्हणून मोकळा झालास. त्याबद्दल मी तुला इतक्यात माफ करणार नाही. पण भर म्हणून कोणी लिहिलं? नखाला लागता कामा नये, हे कोणाचं? शिव्या अर्ध्या वाटेत माझ्याकडेच वळल्या.

आणि ते "वाळलीस गं." मी तिला दिसतच नव्हते. आया म्हणतात म्हणून म्हणाली, अंदाजाने. मनगट धरलं होतं ते मला बघायला धरलं होतं, आणि मी हात सोडवून घेतला. तिने आणखी थोडं चाचपलं असतं तर तिला कळलं असतं, पोरगी चांगली गुबगुबीत झालीय म्हणून. खूश झाली असती. इतकी वर्षं मी हे मनात घेऊन बसले, लोकांना रंगवून सांगितलं. जळो माझी जीभ.

आता ऐक. बैल गेला नि झोपा केला, पण करायला हवं. काळा पॅड लाव. या वेळी काळाच. पॉलिशचे सगळे हात निघतील. मग छिन्नीने भरलेलं हळूच काढ, दगडाला धक्का लावू नकोस. दारातला टवका आधी. आईला प्रत्येक ठिकाणी पाय ठेवायला लाव, ती सांगेल तसं कमी-जास्त कर. घाई करू नकोस. मला सुट्टी मिळत नाहीये, अर्ज देऊन बसलेय. तोवर ती पडणार नाही असं बघ. तिचं घर तिला परत दे रे.

ताई

१५ एप्रिल

ताई,

केलं सगळं, तू लिहिलंस तसं. नाही जमलं.

काळ्या पॅडने पॉलिश निघालं, पण तो काय वाट ओळखतो? आईच्या पायांनी गुळगुळीत झालेलं होतं तेही त्याने कडेसारखंच खरवडून ठेवलं. लांबी काढली तर तिच्याबरोबर दगडाचे कपचे आले. टवका पहिल्यापेक्षा मोठा झाला, धारही लागते. आईला आणून उभी केली. तिने पाय ठेवला, म्हणाली, "हा नव्हे." मी थोडं घासलं. "हा नव्हे." असं किती वेळा झालं ते विचारू नकोस. शेवटी मी रडकुंडीला आलो. म्हटलं, आई, कसा होता ते सांग ना, मी तसा करतो. ती म्हणाली, "मला काय ठाऊक रे? पायाला ठाऊक होतं. मी कधी त्याला विचारलं नाही."

तरी रोज चालून बघायची. मी गेलो की भिंतीला हात लावून उभी असायची, घामाघूम. एकदा शेगडीपर्यंत गेली आणि तापल्या शेगडीवर तळहात टेकला. तेव्हापासून चहा आमच्याकडून जातो. पलंगावर बसून पिते, कप परत देते, "छान झालाय" म्हणते. मला ते ऐकवत नाही. चहात साखर कमी पडली म्हणून माझ्या बायकोला ऐकवणारी बाई ही.

मी विचारलं तिला. म्हटलं, एवढं सगळं फरशीच्या भरवशावर चाललं होतं, मग "करा" म्हणालीस कशाला? तर म्हणाली, "नाही म्हटलं असतं तर पोरीने कारण विचारलं असतं. आणि रागावून गेलेली पोर इतक्या वर्षांनी मला काही देतेय, ते परत पाठवू? म्हटलं, घर माझंच आहे, शिकेन पुन्हा." मग म्हणाली, "वय झालं रे. पाय शिकत नाहीत आता."

परवा तिने स्वतःच सांगितलं, ताईला लिही, मी येते. मी म्हटलं, माझ्याकडे चल, दोन पावलांवर आहे. तर म्हणाली, "तुझ्या दारातून माझं दार बंद झालेलं ऐकू येईल. लांबच बरं." सुट्टीचा अर्ज मागे घे. मीच घेऊन येतो तिला.

बारक्या

२० मे

बारक्या,

आईला सोडून तू जो पाठ फिरवून निघालास, तो पोचल्याचंही कळवलं नाहीस. दारात रडलास ते मी पाहिलंय, आता लपवण्यात अर्थ नाही. आपल्या घरात लपवून कोणाचं भलं झालंय? मीही तुझ्यावर रागावलेली नाही. सुरुवातीला होते. दोघांनी मिळून केलं, आता दोघांनी मिळूनच सोसायचं.

आई बरी आहे. कोपऱ्यातली खोली दिलीय, खिडकीतून वारा येतो. माझ्याकडची फरशी टाइल्सची, कोपरा न् कोपरा सारखा, माझाच हात फिरलेला. म्हणून मी तिच्या पलंगापासून न्हाणीपर्यंत काथ्याची पट्टी अंथरून दिलीय. ती तेवढ्यावरूनच जाते आणि तेवढ्यावरूनच येते. "छान केलंस," म्हणाली. तू लिहिलं होतंस ना, ते "छान" मलाही मिळालं.

शेजारणी म्हणतात, नशीबवान आहेस, आई जवळ आली. मीच सगळ्यांना सांगत होते ना, आई येत नाही, आई येत नाही म्हणून! कामावर जाताना तिला खुर्चीत बसवते आणि परत येते तेव्हा ती त्याच खुर्चीत, तशीच हात मांडीवर ठेवून. तक्रार नाही, टोमणा नाही. मला वाटतं तिने भांडावं माझ्याशी. मी मुद्दाम चहात साखर कमी घालून बघितली. मुकाट्याने प्यायली.

काल संध्याकाळी मी तिच्याजवळ बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. आमचं इकडचं-तिकडचं बोलणं चाललं होतं. मधेच ती म्हणाली, "अगं, उठू का?"

मी म्हटलं, "कशाला? काय हवंय? मी देते."

"काही नको. नुसतं उठावंसं वाटलं."

बारक्या, या बाईने उभ्या जन्मात कोणाला विचारून काही केलं नाही. बाबांनाही कधी विचारलं नाही. मी म्हटलं, "ऊठ ना आई, विचारतेस काय?"

ती उभी राहिली. खुर्चीच्या पाठीला धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग "झालं" म्हणाली आणि बसली.

ताई